कॅन की कान्ट? कानाला इंग्लिश शिकवायचं कसं

माझ्या इंग्लिशच्या क्लासात मागच्या बॅचला एक क्लिप लावली होती, जेमतेम चाळीस सेकंदांची. एक अमेरिकन बाई मैत्रिणीला फोनवर सांगतेय की शनिवारी मला यायला जमणार नाही, 'आय कान्ट कम'. प्रश्न एकच, ती येणारे का? अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं, येणार. परत लावली, परत येणार. मग मी तेच केलं जे आपण सगळे शिकवणारे करतो, "अरे नीट कान देऊन ऐका ना" म्हणत आवाज वाढवला आणि पाचव्यांदा लावली. पोरं बिचारी माझ्या तोंडाकडे बघून उत्तर बदलायला लागली.

आवाज वाढवून काही होणारच नव्हतं, कारण आपण 'कॅन' म्हणतो ते ठसठशीत, आणि अमेरिकन माणूस "आय कॅन कम" म्हणताना कॅन जवळजवळ गिळून टाकतो, 'आय क्न कम' एवढंच बाहेर येतं. उलट 'कान्ट'चा त्यांच्याकडचा उच्चार 'कॅन्ट', आणि त्यातला शेवटचा ट ते बऱ्याचदा घशातच अडवतात. म्हणजे स्वच्छ 'कॅन' ऐकू आला तर अर्थ 'नाही', आणि काहीतरी पुसट 'क्न' आलं तर अर्थ 'हो'. आमच्या पोरांना 'कॅन' ऐकू आलं होतं, आणि आलं होतं ते बरोबरच आलं होतं. कान ठीक होते, हिशोब उलटा लागला.

आता यावर "हे गोरे नीट बोलत का नाहीत" असं म्हणण्याआधी स्वतःचं बघा. "काय करतो आहेस" असं कोण म्हणतं हो? 'काय कर्तोयस'. 'माहीत नाही'चं 'म्हाइत्नाय' होतं आणि ते आपल्या गावीही नसतं. पुस्तकातून मराठी शिकलेला कुणी परदेशी माणूस दादरच्या फुलबाजारात उभा केला तर त्याला एकही शब्द ओळखीचा वाटणार नाही, सगळे शब्द पाठ असूनसुद्धा. बोलण्यात शब्दांमधे जागा नसते, ती आपण छापताना घालतो.

मग इंग्लिश मातृभाषा असलेल्यांना शब्द कुठे सुरू झाला ते कळतं कसं? अॅन कटलर नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्यांनी आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ साली दाखवलं की बोलण्यातल्या इंग्लिशमधले अर्थाचे शब्द, म्हणजे नाम क्रियापद वगैरे, साधारण ९० टक्के वेळा जोरदार अक्षराने, म्हणजे न गिळता ठसठशीत उच्चारलेल्या अक्षराने सुरू होतात. इंग्लिश माणसाचा कान ते जोरदार अक्षर पकडतो आणि इथून नवा शब्द असं धरून चालतो, मधली चिल्लर त्याने आपोआप भरून घेतलेली असते. आपल्याकडे जोराचा हा खेळ एवढा नाही, आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा भाव देतो, त्यामुळे आपला विद्यार्थी प्रत्येक अक्षर ऐकू यायची वाट बघत बसतो आणि गाडी निघून जाते.

आणि हे कान फार लवकर घडतात. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग आहे, त्यात इंग्लिश घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ट आणि त यातला फरक कळत होता, पण वर्षाची होत आली की बहुतेकांना कळेनासा झाला. म्हणजे आपल्याला जे ढळढळीत वेगळं वाटतं ते त्यांच्या मोठ्या माणसांना एकच वाटतं. तसंच आपलं 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट'चं होतं, दोन्हीला आपल्याकडे एक व आहे आणि कान खुशाल दोन्ही एकाच खणात टाकतो.

वेगाचं म्हणाल तर ब्रिटिश इंग्लिशचे १९९० साली प्रसिद्ध झालेले आकडे आहेत, लेक्चर मिनिटाला साधारण १४० शब्द, रेडिओ १६०, आणि घरगुती गप्पा २१०. शाळेत आपण ऐकलं काय? मराठी माध्यमात इंग्लिश आधी पाचवीपासून होतं, २००० पासून पहिलीपासून आलं, पण माझ्या वेळी तरी ऐकणं म्हणजे बाईंनी धडा वाचून दाखवणं, तेही शब्द सुटे सुटे करून.

तर आता तास. माझा जुना प्लॅन असा असायचा की पंधरा अवघड शब्द फळ्यावर, मग क्लिप, मग दहा प्रश्न, मग उत्तरं सांगून टाकायची, पुढची क्लिप. जॉन फील्ड या ब्रिटिश अभ्यासकाचं यावरचं म्हणणं मला फार पटलं. तो म्हणतो की अशा तासात आपण ऐकायला शिकवतच नाही, नुसती परीक्षा घेतो, आणि बरोबर उत्तर आलं तरी ते ऐकून आलं की अंदाजाने हे आपल्याला कळत नाही. हे वाचून मला थोडी लाजच वाटली, कारण दहापैकी आठ आले की मी खूश होऊन घरी जायचो.

आता सगळ्यात आधी क्लिप छोट्या केल्या, एरवी चार मिनिटांच्या असायच्या त्या चाळीस-पन्नास सेकंदांवर आणल्या. ऐकण्याआधी चार-पाच मिनिटं फक्त एवढंच की कोण बोलतंय, कुठे, कशाबद्दल. हे आधीच सांगायला हवं. १९७२ मधे ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी लोकांना कपडे धुण्याचा एक उतारा ऐकवला, मुद्दाम असा लिहिलेला की विषय माहीत नसला तर डोक्यावरून जावा. विषय आधी सांगितला त्यांना समजला आणि लक्षात राहिला, ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. शब्द मात्र मी आता दोन-तीनच देतो, ज्यांच्यावाचून पूर्णच अडेल असे. पंधरा दिले की पोरं गोष्ट सोडून ते पंधरा शब्द शोधत बसतात, मेथीच्या जुडीतून काड्या वेचाव्यात तशी.

पहिल्यांदा पेन खाली. दुसऱ्यांदा प्रश्न. मग उत्तरं शेजाऱ्याशी ताडून बघायची, आणि इथे शिक्षकाने चेहरा दगडासारखा ठेवायचा, मला अजून नीट जमत नाही. उत्तरं जाहीर करायची घाई करायची नाही, कारण खरा तास इथून सुरू होतो.

क्लिप परत लावायची आणि मधेच कुठेतरी पॉज करायची, शेवटचे चार-पाच शब्द लिहा म्हणायचं. स्पेलिंगची फिकीर नको, देवनागरीत लिहिलं तरी चालेल, उलट बरंच, कारण मग कानाला काय आलं ते उघडं पडतं. "आय शुड हॅव टोल्ड हिम"चं एकाने लिहिलं होतं 'आय शुड ऑफ टोल्डिम', दुसऱ्या मुलीने 'आय शुडा टोल्डेम'. मला या दोन ओळींतून दहा प्रश्नांच्या पेपरपेक्षा जास्त कळलं. 'हॅव' आणि 'हिम' हे शब्द त्यांना पहिलीपासून माहीत आहेत, पण ह गळालेला 'हिम' त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. कुणाचं वेगळंच असतं, शब्द खरंच माहीत नसतो. आणि कुणी शब्द सगळे बरोबर लिहितो पण अर्थ विचारला की गप्प, तो शब्द पकडण्यातच इतका दमलेला असतो की जोडायला काही उरत नाही. आवाज जसाच्या तसा कानात घोळत राहतो तो जेमतेम दोन सेकंद, असं वर्किंग मेमरीवर, म्हणजे ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ बॅडली यांच्या कामातून दिसतं. तेवढ्यात जोडला नाही तर गेला.

तीन दुखणी, औषधं तीन. शब्दच माहीत नाही त्याला शब्द द्या. जोडायला वेळ पुरत नाही त्याच्यासाठी वाक्य संपलं की थांबा, दोन सेकंदांचा पॉज पुष्कळ होतो. आणि गळालेल्या आवाजांसाठी तशाच धाटणीची पाच-सहा वाक्यं श्रुतलेखनासारखी, 'टोल्डिम' (टोल्ड हिम), 'आस्क्टिम' (आस्क्ड हिम), 'सॉअर' (सॉ हर), रोज पाच मिनिटं. सगळ्यांसाठी स्पीड ०.७५ करणं हा मात्र उपाय नव्हे, गिळलेला ह हळू लावल्याने परत येत नाही, फक्त सावकाश गिळलेला ऐकू येतो. छापील मजकूर सगळ्यात शेवटी द्यायचा, आधी दिला की पोरं वाचतात आणि आपल्याला वाटतं ऐकतायत.

घरी काय करू, सिरीज बघू का, हे दर बॅचला विचारतात. बघा की, पण सबटायटल इंग्लिश लावा. मिटरर आणि मॅक्वीन यांचा २००९ चा प्रयोग आहे, डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन ढंगाचं इंग्लिश दाखवलं तेव्हा इंग्लिश सबटायटल वाचणाऱ्यांचा कान त्या ढंगाला सरावला, आणि डच सबटायटल वाचणाऱ्यांना उलट तोटा झाला. गोष्ट कळते हो, पण कान सुट्टीवर जातो. हिंदी सबटायटल लावून वर्षभर सिरीज बघणारे माझ्याकडे येतात, कथा सगळी पाठ, वाक्य एक पकडता येत नाही.

आता प्लॅनच्या वहीत प्रत्येक क्लिपसमोर मी एक ओळ ठेवतो, कुठे फसले आणि का. ती शनिवारवाली क्लिप या बॅचलाही लावली, पण आधी दहा मिनिटं नुसतं 'आय क्न कम' आणि 'आय कॅन्(ट) कम' असं उलटसुलट ऐकवून, हो असेल तर हात वर. सुरुवातीला गोंधळ, मग हळूहळू हात बरोबर जायला लागले. क्लिपला बहुतेकांनी 'येणार नाही' लिहिलं. एका मुलीने, ती हॉटेलच्या रिसेप्शनला असते, विचारलं, "सर, मग मी गेस्टशी बोलताना पण तो ट खायचा का?" म्हटलं मुळीच नको, तू 'कॅनॉट' म्हण, अख्खं.