वाफेवरच्या भाताला पाणी कुठून मिळते?

तांदूळ धुऊन तसाच स्टीमरच्या जाळीवर ठेवला आणि अर्ध्या तासाने शीत चेपून पाहिले, तर बोटाला हमखास कणी लागते. वरून शिजलेला दिसणारा दाणा आत कोराच असतो. अशा वेळी आपण आच वाढवतो आणि तिथेच चुकतो, कारण कमी पडलेले असते ते पाणी. वाफेच्या भांड्यांचा सात हजार वर्षांचा प्रवास मला तरी या एका अडचणीभोवतीच फिरलेला दिसतो.

कच्च्या तांदळात १२ ते १४ टक्के पाणी असते, शिजलेल्या भातात ६० टक्क्यांच्या वर. वाफ गार दाण्यावर बसली की तिचे पाणी होते आणि ग्रॅममागे सुमारे २,२५० जूल उष्णता दाण्यात जाते. उष्णतेचा हा साठा एवढा मोठा, की किलोभर भिजलेला तांदूळ उकळत्या पाण्याइतका तापवायला शंभरेक ग्रॅम वाफ पुरते. दाणा एकदा तापला की पुढची वाफ त्यावर फारशी बसतच नाही, नुसती निघून जाते. वाफ उष्णता सढळ हाताने देते, पाणी मात्र हात राखून. या अप्रकट उष्म्याचा उलगडा जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ग्लासगोत केला. रांधणाऱ्यांनी पाण्याच्या या तुटीवर तोड काढली होती ती त्याच्या कितीतरी आधी.

चीनच्या चच्यांग प्रांतात हेमुडू येथे १९७३ मध्ये एक प्राचीन वस्ती उजेडात आली. सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या त्या थरांत भाताचे अवशेष मिळाले, आणि तळाला भोके पाडलेले मातीचे भांडेही. खाली पाण्याचे मडके, वर हे भोकांचे. आजच्या स्टीमरची मांडणी यापेक्षा वेगळी नाही. पुढे चीनमधल्या शांग राजघराण्याच्या काळापर्यंत वरचे आणि खालचे भांडे मिळून कांस्याचे एकच पात्र ओतले जाऊ लागले. उत्तर चीनमधल्या आन्यांग येथे १९७६ मध्ये उघडलेल्या, त्याच घराण्यातल्या फू हाव राणीच्या थडग्यात तर एकाच लांबट बैठकीवर शेजारी शेजारी तीन वाफपात्रे बसवलेली सापडली. एका जाळावर तीन घाणे! उत्तरेकडच्या त्या भागात मुख्य धान्य राळ्यासारखे होते, त्यामुळे ही भांडी केवळ भातासाठी होती असे समजू नये.

भोकांच्या भांड्यात पाणी साठत नाही. म्हणून दाण्याने ते आधीच पिऊन यायला हवे. लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये चिकट तांदूळ रात्रभर भिजवतात, निथळतात आणि रोवळीसारख्या निमुळत्या बांबूच्या टोपलीत घालून अरुंद गळ्याच्या भांड्यावर ठेवतात. मध्येच टोपली हिसडून भाताचा गोळा उलटा करतात. चिकट तांदळात अमायलोज, म्हणजे भात सुटा ठेवणारा स्टार्चचा घटक, जवळजवळ नसते, म्हणून भिजताना मुरलेल्या पाण्यातच तो मऊ होतो. जपानमध्ये कोरियाकडून पाचव्या शतकाच्या सुमारास 'कोशिकी' हे वाफेचे भांडे आले. रोजचा भात पुढे पाण्यात शिजवून होऊ लागला, पण साके ही तांदळाची दारू करणारे आजही तांदूळ वाफेवरच शिजवतात. त्यांना बाहेरून घट्ट, आतून मऊ आणि सुटा दाणा लागतो. दारूसाठी तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी त्यातच नीट आत शिरते.

अमायलोज जास्त असलेल्या लांब, सुट्या तांदळाला नुसते भिजवणे पुरत नाही. तिथे आधणात अर्धा शिजवून, वेळून, मग वाफेवर मुरवण्याची रीत पडली. चेलोव हा इराणी भात असाच होतो. त्यात झाकणाला कापड गुंडाळतात, नाहीतर झाकणावर जमलेले थेंब भातावर गळून वरचा थर गिचका होतो.

तिसरी वाट सर्वांत सोपी: तांदूळ मोजक्या पाण्यासह आतल्या भांड्यात ठेवायचा आणि वाफ त्या भांड्याभोवती खेळवायची. इथे वाफेकडे फक्त आच पोचवण्याचे काम उरते. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास काढलेला 'इकमिक कुकर' याच घराण्यातला. तळाशी थोडासा कोळसा, त्यावर पाणी आणि त्यात एकावर एक रचलेले डबे, ज्यांत भात, डाळ, भाजी एकदमच शिजे. १९५५ च्या डिसेंबरात जपानच्या तोशिबा कंपनीने बाजारात आणलेला विजेचा कुकरही दोन भांड्यांचाच होता. तो घडवणाऱ्या योशितादा मिनामी यांनी बाहेरच्या भांड्यातल्या पेलाभर पाण्यालाच घड्याळ केले होते. ते आटायला वीसेक मिनिटे लागत. आटले की तापमान शंभराच्या वर चढे, आतली धातूची पट्टी वाकून बटण बंद करी.

गॅसवरच्या स्टीमरला अशी पट्टी नसते, तिथे कान लावावा लागतो. तळाच्या पाण्यात एखादे स्वच्छ नाणे टाकून ठेवावे. पाणी उकळते आहे तोवर ते खडखडत राहते. आवाज थांबला की झाकण उघडून गरम पाणी ओतावे.