गोड्या पाण्यातलं ट्रोलिंग आणि छोट्या बोटीची मांडणी

बोट अगदी हळू चालत ठेवायची, मागे एक किंवा जास्त दोऱ्या सोडायच्या, आणि टोकाचं आमिष पाण्यातून सरकत राहिलं की शिकारी मासा त्यावर झडप घालतो, मासे पकडायच्या या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. यात जाळं नसतं. समुद्रातही ट्रोलिंग होतं पण तिथली बोट, सामान, मासे सगळंच वेगळं, म्हणून या नोंदीत फक्त तलाव, जलाशय आणि मोठ्या संथ नद्या, आणि बोट म्हणजे साधारण १२ ते १८ फूट लांबीची, उघडी, अ‍ॅल्युमिनियमची किंवा फायबरची, दोन-तीन माणसांची. रॉड, रील, गाठी हे बहुतेकांना माहीत असतंच त्यामुळे त्यात शिरत नाही.

अशा बोटीवर सामान चढवताना आधी दोनच गोष्टी बघायच्या, बोट किती हळू चालू शकते आणि आमिष या क्षणी नेमकं किती खोल आहे हे आपल्याला सांगता येतं का. हे हातात आलेलं नसेल तर चार रॉड होल्डर आणि डबाभर आमिषं असूनही दिवस रिकामा जातो. बऱ्याच मार्गदर्शक लिखाणात क्रम उलटा दिसतो, आधी आमिषांची लांबच लांब यादी आणि बोटीबद्दल शेवटी थोडंसं.

उगम आणि त्याबद्दलचे वाद

ट्रोलिंग कधी सुरू झालं हे ठरवणं अवघड आहे कारण चालत्या होडीतून दोरी सोडणं ही गोष्ट इतकी साधी आहे की ती ठिकठिकाणी आपापली सुचली असणार. इंग्रजीतल्या लिखाणात रॉबर्ट नॉब्स यांना ट्रोलिंगचे जनक म्हणायची पद्धत आहे, त्यांचं या विषयावरचं पुस्तक १६८२ चं. पण ते मुख्यतः पाइक माशाबद्दल आहे आणि त्यातली रीत म्हणजे मेलेला छोटा मासा गळाला लावून पाण्यात टाकायचा, बुडू द्यायचा आणि हाताने खेचत परत आणायचा. बोटीच्या वेगाचा त्यात काही भाग नाही, त्यामुळे आजच्या अर्थाने त्याला ट्रोलिंगची सुरुवात मानणं जरा ओढूनताणून वाटतं.

धातूच्या चमचा-आमिषाचं, म्हणजे चमच्याच्या वाटीसारख्या चकचकीत पत्र्याचं, अमेरिकेतलं पेटंट १८५२ साली ज्युलिओ ब्युएल यांना मिळालं. त्यांच्या हातून होडीतून खायचा चमचा पाण्यात पडला आणि माशाने तो धरला ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, ती दंतकथाच समजावी. स्कँडिनेव्हियात धातूची आमिषं त्याच्या बरीच आधीपासून होती असं अनेक जण मानतात आणि ते पटण्यासारखं आहे. फिनलंडमध्ये लाउरी रापाला यांनी १९३६ च्या सुमाराला बुचाचं लाकूड कोरून, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळून आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप देऊन आपलं पहिलं मासळीसारखं आमिष केलं. ते स्वतः वल्हवत ट्रोलिंग करायचे, त्यामुळे इंजिन नसतानाही हे नीट होतं याचा तो चांगला पुरावा आहे.

सगळ्यात जास्त वाद डाऊनरिगरवरून होतो. डाऊनरिगर म्हणजे बोटीच्या काठावर बसवलेली छोटी चरखी, तिच्यावर तार, तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा, आणि गोळ्यापाशी एक चिमटा ज्यात रॉडची दोरी अडकवतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि माणूस फक्त माशाशी झुंजतो, वजन तारेवरच राहतं. काही जण याचं मूळ १९व्या शतकात नेतात, सेथ ग्रीन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीपर्यंत. हे ग्रीन म्हणजे १८६४ साली न्यूयॉर्क राज्यात कॅलेडोनियाला मत्स्यबीज केंद्र काढणारे. त्या मांडणीत एका जड वजनाच्या मुख्य दोरीला ठराविक अंतरावर आखूड दोऱ्या जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक चमचा, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या खोलीवर आमिषं फिरतात, न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्समध्ये लेक ट्राउटसाठी ती नावाजलेली. खोलीची कल्पना तीच आहे यात शंका नाही. पण तिथे मासा आल्यावर मुख्य दोरी वजनासकट वर घ्यावी लागते, सुटणारा चिमटा नाही, आणि चिमटा हाच डाऊनरिगरचा आत्मा असल्यामुळे या दोन्हींना एकच वंश देणं बरोबर वाटत नाही.

दुसरं मत असं की आजचा डाऊनरिगर खऱ्या अर्थाने रुजला तो अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरातल्या सामन माशांमुळे. त्या सरोवरात बाहेरून आलेल्या एलवाइफ या छोट्या माशाची संख्या बेसुमार वाढली होती, त्याला खाणारा कोणी हवा म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या काळात १९६६ साली पॅसिफिकमधले कोहो सामन तिथल्या नद्यांमध्ये सोडले गेले आणि १९६७ साली चिनूक जातीचे सामन. उन्हाळ्यात हे मासे खोल थंड पाण्यात जातात, नुसती लांब दोरी सोडून तिथवर पोचता येत नाही, त्यामुळे हौशी लोकांना अशा साधनाची गरज अचानक आणि मोठ्या प्रमाणावर पडली. जड वजनाचे प्रयोग आधीही झाले असतील, तरी प्रसाराच्या दृष्टीने हेच मत जास्त भक्कम आहे.

त्याच काळातली एक गोष्ट बोटीच्या नोंदीत यायलाच हवी. सप्टेंबर १९६७ मध्ये कोहो परत आल्याची बातमी पसरली आणि शेकडो छोट्या बोटी मिशिगन सरोवरात उतरल्या, त्यात वादळ आलं आणि सात जण बुडून गेले. तळं गोड्या पाण्याचं असलं तरी लाटा समुद्रासारख्या उठू शकतात, आणि १४ फुटी उघडी बोट त्यांच्यासाठी बनवलेली नसते.

वेग : इंजिन, मोटर, बॅटरी

वॉलआयसारख्या माशाला साधारण ताशी १.५ ते ३ किलोमीटर वेग चालतो, सामन-ट्राउटला साधारण ३ ते ५. हलक्या बोटीवर मोठं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावलेलं इंजिन, असेल तर ते नुसतं गिअरमध्ये टाकलं तरी बोट यापेक्षा जोरात पळते, ही सगळ्यात जास्त भेटणारी अडचण. त्यावर तीन-चार उपाय आहेत. एक म्हणजे मागे दुसरं छोटं इंजिन, ज्याला किकर म्हणतात, बऱ्याचदा ९.९ हॉर्सपॉवरचं किंवा त्याहून लहान, आणि ते एका दांड्याने मोठ्या इंजिनला जोडलं की स्टिअरिंग एकच राहतं. दुसरं, पाण्यात ओढायची कापडी पिशवी जिला ड्रिफ्ट सॉक म्हणतात, स्वस्त आणि गुणी वस्तू, फक्त दोरी पंख्यात जाणार नाही अशी बांधायची. पंख्यामागे बसवायची ट्रोलिंग प्लेटही मिळते, पण ती खाली असताना विसरून जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाकते. आणि चौथा, विजेची ट्रोलिंग मोटर.

विजेवर बोट चालवणं तसं पेट्रोल इंजिनापेक्षा जुनं. मोरित्झ याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत विजेची बोट चालवून दाखवली ती १८३८ साली, काही ठिकाणी १८३९ लिहिलेलं असतं, बहुधा पुढच्या वर्षीच्या सुधारित चाचणीमुळे. काढता-घालता येणारी मोटर हवी असेल तर गुस्ताव त्रूव्हे यांचं १८८१ चं पॅरिसमधलं यंत्र आधी येतं. पेट्रोलच्या आउटबोर्डचा मान अनेकदा ओल इव्हिनरूड यांना १९०९ साठी दिला जातो पण कॅमेरॉन वॉटरमन यांचं आउटबोर्ड त्याच्या काही वर्षं आधीच विकलं जात होतं, तेव्हा इव्हिनरूड यांना पहिलं टिकाऊ यश मिळालं इतकंच म्हणावं. मासेमारीसाठीची विजेची ट्रोलिंग मोटर मात्र साधारण एकमताने ओ. जी. श्मिट यांच्या नावावर आहे, १९३४, फार्गो, नॉर्थ डकोटा.

मोटरची ताकद थ्रस्टच्या, म्हणजे बोट पुढे ढकलणाऱ्या रेट्याच्या, पौंडात सांगतात आणि ढोबळ नियम असा की माणसं-सामान-इंधन धरून बोटीच्या दर १०० पौंड म्हणजे ४५ किलो वजनाला २ पौंड थ्रस्ट. म्हणजे सगळं मिळून ९०० किलो होत असेल तर ४० पौंड, पण वारा आणि लाटा धरून त्याच्या वरचंच घ्यावं. १२ व्होल्टवर साधारण ५५ पौंडांपर्यंतच्या मोटरी चालतात, ८० च्या आसपास गेलं की २४ व्होल्ट लागतात म्हणजे दोन बॅटऱ्या. ५५ पौंडी मोटर पूर्ण जोरात ५० अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढते. १०० अ‍ॅम्पिअर-अवरची डीप सायकल (परत परत बरीच उतरवून भरता येणारी) शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये असं म्हणतात, म्हणजे हाताशी तासाभराचीच वीज. पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते त्यामुळे वेग तीनवरून दोनवर आणला तर शक्ती जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि म्हणूनच सावकाश ट्रोलिंगला तीच बॅटरी कितीतरी जास्त पुरते. हे फक्त ज्या मोटरमध्ये इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल आहे तिच्यात पूर्ण खरं, पाच ठराविक वेग असलेल्या जुन्या पद्धतीच्या मोटरी कमी वेगावर काही वीज नुसती उष्णता करून घालवतात. थोडे पैसे वाचवायला इथे हात आखडू नये.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निम्म्याहून कमी वजनाची असते आणि जवळपास सगळी वापरता येते, छोट्या बोटीला वजनाचा हा फरक फार मोठा. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही आणि चार्जर तिच्यासाठीचाच हवा. वायर जाड घ्यावी कारण बॅटरी मागे आणि मोटर पुढे असली की लांब बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि वायर तापते, पॉझिटिव्हवर बॅटरीच्या जवळच ब्रेकर लावावा. फिश फाइंडरला, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, जमलं तर वेगळी छोटी बॅटरी द्यावी, मोटरच्या विजेचा अडथळा पडद्यावर ठिपके होऊन दिसतो तो त्याने जातो. इंजिन, किकर, पेट्रोल टाकी आणि चालवणारा माणूस सगळे मागेच असतात, तेव्हा जड बॅटरी पुढे किंवा मध्यात बांधून ठेवली की बोट सरळ बसते.

खोली

उन्हाळ्यात तळ्यात वर कोमट आणि खाली थंड असे थर होतात, मधला जो पट्टा असतो जिथे तापमान झपाट्याने उतरतं त्याला थर्मोक्लाइन म्हणतात, आणि थंड पाण्यातले मासे बऱ्याचदा त्याच्या आसपास सापडतात. हा पट्टा चांगल्या फिश फाइंडरवर पुसट रेघेसारखा दिसतो. फुरुनोने जपानमध्ये १९४८ साली व्यवहारात चालणारा फिश फाइंडर आणला तो मोठ्या मच्छीमार बोटींसाठी, आणि ट्रान्झिस्टरवर चालणारा हातात उचलून नेण्यासारखा डबा अमेरिकेत लोरन्स यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी केला, छोट्या बोटीच्या दृष्टीने तोच खरा टप्पा. २०० किलोहर्ट्झच्या २० अंशी ट्रान्सड्यूसरला, म्हणजे लहरी सोडून परत ऐकणाऱ्या भागाला, खोलीच्या साधारण एक-तृतीयांश व्यासाचं वर्तुळ दिसतं, ३० फुटांवर जेमतेम १० फूट, म्हणजे पडद्यावर मासा दिसला नाही याचा अर्थ मासा नाही असा होत नाही. ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर पंख्यापासून दूर आणि जिथे पाणी बुडबुड्यांशिवाय वाहतं तिथे बसवायचा.

डाऊनरिगरला छोट्या बोटीवर ८ ते १० पौंडी गोळा आणि तार बोटीबाहेर धरणारा आखूड हात पुरतो, आणि दोनपेक्षा जास्त डाऊनरिगर लावू नयेत. पाण्याच्या रेट्याने गोळा मागे ढकलला जातो त्यामुळे सोडलेली तार मोजणाऱ्या मीटरवर ६० फूट दिसलं तरी गोळा तेवढा खोल नसतो, वेग वाढला की फरक वाढतो. खरा धोका वेगळाच आहे, गोळा तळातल्या झाडात किंवा दगडात अडकला आणि ब्रेक घट्ट आवळलेला असला तर बोट पुढे जात राहते आणि तार मागचा कोपरा खाली ओढते, लाटा असतील तर पाणी आत येतं. ब्रेक नेहमी सरकता ठेवायचा आणि तार कापायची पक्कड हाताशी बांधून ठेवायची, पेटीत नाही.

डाऊनरिगर नको असेल तर लेड-कोअर दोरी असते, आत शिशाची तार आणि दर १० यार्डांना म्हणजे ३० फुटांना रंग बदलतो. एक रंग सोडला की अंदाजे ५ फूट खोली मिळते असं धरतात, वेगाप्रमाणे कमी-जास्त. वळताना आतल्या बाजूच्या दोऱ्या बुडतात आणि बाहेरच्या वर येतात, मासा कुठल्या बाजूला लागला हे बघितलं की त्याला वेग जास्त हवाय की कमी ते कळतं. दोऱ्या एकमेकींपासून लांब ठेवायला प्लॅनर बोर्ड, म्हणजे दोरीला बाजूला ओढून नेणाऱ्या छोट्या तरंगत्या फळ्या, वापरतात. आणि जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या हिशेबाने वेग, खाली उलटा प्रवाह असेल तर आमिषाचा वेग निराळाच असतो.

बसवणूक

रॉड होल्डरवर मासा लागताना झटका बसतो त्यामुळे नुसते स्क्रू धरत नाहीत, आरपार बोल्ट आणि मागून पट्टी द्यावी. काठावर अ‍ॅल्युमिनियमची रेल बसवली की होल्डर आणि डाऊनरिगर हवे तिथे सरकवता येतात आणि परत परत भोकं पाडावी लागत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत स्टीलचे बोल्ट थेट लावले तर दोन धातूंच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा त्यासाठीची पेस्ट हवी. तांब्याच्या रसायनाने पक्कं केलेलं प्लायवूडही अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नये. पाण्याच्या रेषेखाली भोक शक्यतो नकोच.

सुरक्षा आणि नियम

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, खाली ठेवायचं नाही. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याला जोडलेली हवी, अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून हा कायदाच आहे. एक गैरसमज बराच दिसतो, की आपण दोऱ्या सोडल्यात म्हणजे बाकीच्यांनी आपल्याला वाट द्यावी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत मासेमारीत गुंतलेल्या बोटीची जी व्याख्या आहे तिच्यातून ट्रोलिंगच्या दोऱ्या वापरणारी बोट स्पष्टपणे वगळली आहे, तिला साध्या इंजिनच्या बोटीचेच नियम लागतात. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बोट धुवायची, पाणी काढायचं, पूर्ण वाळवायची, कारण १९८८ साली उत्तर अमेरिकेतल्या लेक सेंट क्लेअरमध्ये सापडलेले बाहेरून आलेले झेब्रा शिंपले पुढे इतर पाण्यांत पसरले त्यात ट्रेलरवरून नेलेल्या बोटींचा हात मोठा आहे.