मिशिगनची सार्वत्रिक निवडणूक, २०२२

मिशिगन म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेला मोठ्या सरोवरांमधे वसलेलं, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांमुळे जगाला माहीत असलेलं राज्य. तिथली ही निवडणूक ८ नोव्हेंबर २०२२ ला झाली. त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक नव्हती, अमेरिकी संसदेच्या सिनेटची पण नव्हती, तरी जवळपास ४५ लाख लोकांनी मत दिलं आणि गव्हर्नर निवडायच्या वर्षातला तो राज्याचा विक्रम ठरला.

आपल्याकडे लोकसभा वेगळी, विधानसभा वेगळी, झेडपी त्याहून वेगळी. तिथे सगळं एकाच मतपत्रिकेवर, आणि ती कागदाचीच. गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, निवडणुका बघणारी सेक्रेटरी ऑफ स्टेट, अमेरिकी संसदेच्या १३ जागा, राज्याच्या दोन्ही सभागृहांच्या मिळून १४८ जागा, न्यायाधीश, आणि मिशिगन, मिशिगन स्टेट, वेन स्टेट या तीन विद्यापीठांच्या नियामक मंडळांचे सदस्यसुद्धा लोकच निवडतात. वर एक खूण करून सगळी मतं एकाच पक्षाला द्यायची सोय आहे, पण न्यायाधीश आणि थेट लोकांच्या मताला टाकलेले प्रस्ताव त्यात येत नाहीत, त्यासाठी खालपर्यंत जावंच लागतं.

आणि या वर्षी खरं महत्त्वाचं ते खालीच होतं.

आधी सह्यांचं बघू, कारण अख्खी निवडणूक सह्यांभोवती फिरली. गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरायला किमान १५,००० मतदारांच्या सह्या लागतात. मे महिन्यात तपासणीत दिसलं की पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांनी मिळून किमान ६८,००० बोगस सह्या दिल्यात, आणि रिपब्लिकन पक्षाच्या दहापैकी पाच इच्छुकांची नावं बाद झाली, त्यात डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग पण गेले. उरलेल्यांतून ट्यूडर डिक्सन पुढे आल्या.

दुसरीकडे गर्भपाताच्या हक्काची घटनादुरुस्ती. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने देशपातळीवरचा हक्क काढून घेतला आणि मिशिगनमधे १९३१ चा बंदीचा कायदा डोक्यावर लटकत होता, कोर्टाच्या स्थगितीमुळे फक्त थांबलेला. दुरुस्ती मतपत्रिकेवर आणायला ४,२५,०५९ सह्या हव्या होत्या, लोकांनी साडेसात लाखांच्या वर जमवल्या. तरी प्रस्ताव मतपत्रिकेवर घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, दोन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन अशा चार जणांच्या मंडळात मतं २-२ अशी अडकली. आक्षेप काय, तर अर्जाच्या छपाईत काही शब्दांमधे जागा सुटलेली नाही, शब्द एकमेकांना चिकटलेत! लाखो लोकांच्या सह्या एवढ्यावर फेकून देणं मला तरी पटत नाही. शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबरला ५ विरुद्ध २ ने प्रस्ताव मतपत्रिकेवर घ्यायचा आदेश दिला.

मतपत्रिकेवर एकूण तीन प्रस्ताव होते. गर्भपाताचा हा तिसरा प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मतांनी पास झाला. दुसरा मतदानाच्या सोयींचा होता, म्हणजे नऊ दिवस आधीपासून केंद्रावर जाऊन मतदान, पोस्टल मतपत्रिकेचं टपाल सरकारी खर्चाने, मतपत्रिका टाकायच्या पेट्या, त्याला सुमारे ६० टक्के मिळाले. पहिला आमदारांची एकूण मुदत दोन्ही सभागृहं मिळून १२ वर्षं करण्याचा आणि पदाधिकाऱ्यांना आर्थिक माहिती जाहीर करायला लावण्याचा, तो दोन तृतीयांश मतांनी आरामात निघाला.

डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर डिक्सनना हरवून सुमारे ५४ टक्के मतं घेऊन परत आल्या. सेक्रेटरी ऑफ स्टेट जोसलिन बेन्सन आणि अ‍ॅटर्नी जनरल डेना नेसल पण टिकल्या. डेमोक्रॅट्सना राज्याच्या कनिष्ठ सभागृहात ५६-५४ आणि राज्याच्या सिनेटमधे २०-१८ असं काठावरचं बहुमत मिळालं, आणि गव्हर्नर अन् दोन्ही सभागृहं एकाच वेळी त्यांच्या हातात येण्याची ही जवळपास ४० वर्षांतली पहिलीच वेळ. मतदारसंघ पण नवे होते, २०१८ च्या सार्वमतातून आलेल्या १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाने आखलेले. पण त्यात सगळं चांगलंच झालं असं नाही, डिसेंबर २०२३ मधे फेडरल कोर्टाने डेट्रॉइट भागातले राज्य पातळीवरचे १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द केले.

मराठी माणसासाठी यातली खास जागा म्हणजे डेट्रॉइटचा १३ वा संसदीय मतदारसंघ. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, जे २०१८ मधे गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत लढतीत तिसरे आले होते, ते ऑगस्टमधे नऊ जणांच्या पक्षांतर्गत लढतीत जेमतेम २८ टक्के मतांवर पुढे गेले आणि नोव्हेंबरमधे सहज निवडून आले. आनंदाची गोष्ट आहेच, पण बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटचा संसदेत एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नसण्याची १९५० च्या दशकानंतरची ही पहिली वेळ होती, आणि ती खंत तिथल्या लोकांनी उघड बोलून दाखवली.

१९३१ चा कायदा एप्रिल २०२३ मधे रीतसर रद्द झाला. नऊ दिवसांचं आगाऊ मतदान राज्यभर पहिल्यांदा फेब्रुवारी २०२४ च्या अध्यक्षीय प्राथमिक निवडणुकीत वापरलं गेलं.