दोन चमचे जागेचा खेळ

घोडबंदर रोडला गायमुखचा चढ आला की माझी 100 सीसीची बाईक चौथ्या गियरमध्ये टकटक करायला लागते, डब्यात खडे हलवल्यासारखी. मागे बायको, मधे भाजीची पिशवी, आणि मी आपला थ्रॉटल पिळतोय. शेवटी वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलून कार्बन खरवडला, परत बसवलं, पिस्टन (आत वर-खाली होणारा दट्ट्या) अगदी वर आणला आणि स्पार्क प्लगच्या भोकातून सिरिंजने तेल सोडत बसला. 11 मिली झालं आणि भोक भरलं. खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे, बस!

म्हणजे पिस्टन खाली असताना 111 मिली (बाईकचे 100 सीसी म्हणजे 100 मिली, अधिक हे 11) जागेत मावणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण वर येईपर्यंत 11 मिलीत कोंबलं जातं. हाच कॉम्प्रेशन रेशो, साधारण 10.

आता मला इतकी वर्षं वाटायचं की जास्त दाबलं की स्फोट जोरात होतो म्हणून अॅव्हरेज वाढतं. पण दाबायला तर उलट इंजिनाचीच ताकद जाते. खरी कमाई नंतरची आहे, पेटलेला गॅस जितका जास्त पट फुगेल तितकी त्याची उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च होते, आणि जेवढा कमी फुगेल तेवढी ती गरमच्या गरम सायलेन्सरमधून बाहेर. आदर्श गणितात रेशो 5 असेल तर 47 टक्के उष्णता कामी येते, 10 ला 60, 20 ला 70. पहिल्या दुपटीत 13 टक्के मिळाले, पुढच्या दुपटीत जेमतेम 10. (खऱ्या इंजिनात घर्षण, गळती, थंड भिंती सगळे आपापला हप्ता घेतात, त्यामुळे पेट्रोल गाडीच्या हातात बहुतेक वेळा 30च्या आसपासच पडतात.)

मग रेशो 20 का नाही ठेवत? कारण हवा दाबली की तापते. प्लगने ठिणगी टाकली, ज्योत पसरतेय, तेवढ्यात कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण इतकं दाबलं आणि तापलं जातं की ते ज्योतीची वाट न बघता स्वतःच भडकतं, आणि त्या दाबाच्या लाटा धातूवर आपटतात. तीच आपली टकटक, म्हणजे नॉकिंग. पिस्टनला भोक पाडायची ताकद असते त्यात. ऑक्टेन नंबर म्हणजे पेट्रोल हे किती सहन करतं त्याचं माप. डिझेलवाले मजेत, ते आधी नुसती हवाच दाबतात, इंधन शेवटी फवारतात, म्हणून 16-18 रेशो त्यांना सहज जमतो.

माझ्या केसमध्ये कार्बनने त्या 11 पैकी एक मिली जरी खाल्ला असता तरी रेशो थेट 11 झाला असता, वर लाल तापलेला कार्बन स्वतःच ठिणगीचं काम करतो ते वेगळंच.

बिल देताना मेकॅनिक म्हणाला, "दादा, चढावर तिसरा टाकत जा की." बरोबरच होतं त्याचं, कमी आरपीएमला मिश्रण आत जास्त वेळ शिजत बसतं. मी बायकोकडे बघितलं नाही, ती हे गेले सहा महिने सांगत होती.