जिन्यातील सेन्सर: पीआयआर आणि मायक्रोवेव्ह

डोंबिवलीतील आमच्या जुन्या इमारतीत, म्हणजे तळमजला अधिक चार मजले आणि लिफ्ट नाही अशा ठिकाणी, जिन्यातील दिवे बदलण्याचे काम निघाले. तेव्हा आलेल्या दोन्ही दरपत्रकांत ‘मोशन सेन्सरसह एलईडी’ हेच शब्द होते, किमतीत मात्र फरक होता. चौकशी केल्यावर कळले की एकाचा सेन्सर पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचा आणि दुसऱ्याचा मायक्रोवेव्ह प्रकारचा आहे. माणूस आला की दिवा लागतो एवढे साम्य सोडल्यास या दोहोंच्या कामाच्या पद्धतीत फारसे काही सारखे नाही.

पीआयआर सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही. अंगाच्या उष्णतेमुळे बाहेर पडणारे अवरक्त किरण तो टिपतो आणि त्यांत अचानक बदल झाला की दिवा लावतो. त्याच्यावर खाचा-खाचांची पांढरट अर्धगोल टोपी असते. ती भिंगाचे काम करते आणि समोरच्या जागेचे पट्टे पाडते. माणूस हे पट्टे आडवे ओलांडत गेला तर सेन्सर लगेच जागा होतो, पण सरळ त्याच्याच दिशेने चालत आला तर दाद द्यायला वेळ लावतो. जिन्यात नेमकी हीच अडचण येते, कारण वरच्या टोकाला समोरासमोर बसविलेल्या पीआयआरकडे माणूस सरळ चढत येतो आणि निम्म्या पायऱ्या अंधारातच संपतात. तोच सेन्सर वळणावरील बाजूच्या भिंतीवर असला तर ही तक्रार बहुतांशी मिटते.

मायक्रोवेव्ह सेन्सर याच्या उलट अखंड लहरी सोडत राहतो, बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या, आणि हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडलेला फरक ओळखतो. जवळ येणारी किंवा दूर जाणारी हालचाल त्याला उत्तम कळते, म्हणून जिन्यासाठी तो वरवर पाहता आदर्श वाटतो. प्लास्टिकच्या झाकणाआड लपूनही तो काम करतो. रंगाऱ्याचा ब्रश फिरून भिंग आंधळे होण्याचा धोका त्याला नाही. (लहरींच्या भीतीने एका सभासदाने हरकत घेतली होती, पण या लहरींची शक्ती खिशातील मोबाइलपेक्षा कितीतरी कमी असते.) मात्र ज्या लहरी झाकणातून जातात त्या लाकडी दारातून आणि पातळ भिंतीतूनही जातात. पहिल्या मजल्यावर नमुन्यादाखल लावलेला दिवा रात्री बाहेर कोणी नसताना लागे, कारण दाराच्या आत पाच वर्षांचा मुलगा धावत असे. संवेदनक्षमतेचे बटण कमी केल्यावर ते थांबले, पण मग शेवटच्या पायऱ्यांवरील माणूसही त्याला दिसेनासा झाला.

हवामानाचाही संबंध आहे. पीआयआरला शरीर आणि आजूबाजूची भिंत यांच्या तापमानातील फरक हवा असतो. विदर्भात मे महिन्यात तापलेल्या भिंती रात्रीही लवकर निवत नाहीत, तेथे त्याचा पल्ला घटतो. कोकणपट्टीत हा त्रास कमी. मायक्रोवेव्हला उष्म्याने फरक पडत नाही.

विजेची बचत हा मुद्दा यात उगाच मोठा केला जातो, असे माझे मत आहे. तांब्याच्या चोकवरची ४० वॅटची जुनी ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट खाते. अशा दहा ट्यूबा रात्री बारा तास चालल्या तर ६ युनिट होतात. २० वॅटचे एलईडी लावले की २.४, आणि सेन्सरमुळे तेच दिवे एकूण तीन तास जळले तर ०.६ युनिट. म्हणजे मोठा वाटा एलईडीचाच आहे, आणि सेन्सर कोणता या प्रश्नाने बिलात नगण्य फरक पडतो.

आम्ही वळणांवर बाजूच्या भिंतींवर पीआयआर लावले आणि मीटरच्या खोलीबाहेरील बोळात, जेथे पलीकडे कोणाचे घर नाही, तेथे मायक्रोवेव्ह ठेवला. कुलपाच्या चाव्या शोधत स्तब्ध उभ्या असलेल्या माणसावर दिवा विझू नये म्हणून वेळ दोन मिनिटांची ठेवली आहे. दोन्ही प्रकारांना फेज आणि न्यूट्रल सतत लागतात, तर आमच्याकडील ज्येष्ठांचा हात सवयीने जिन्यातील बटणाकडे जाऊन ते बंद करीत असे. शेवटी वायरमनने बटणे काढून फेज थेट जोडली, त्या जागी कोऱ्या प्लेटी बसविल्या आणि दुरुस्तीसाठी मीटरच्या खोलीत स्वतंत्र एमसीबी दिला.