जुन्या गाडीत एएफआर गेजचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरचा) काटा कायम १४.७ वरच हवा का?

‘काटा १४.७ वर आला की कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) जमला’ हा समज फार जुना आहे. आकडा खरा आहे, पण तो सगळीकडे लावणं चुकीचं.

एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनाची गरज मात्र बदलत राहते. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाला आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) बहुधा १३ ते १४ मानवतं, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात १४ ते १५. पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ हवं, तिथे १४.७ ठेवलं तर ताकद घटते, वर नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा) धोका.

आता गेजला जोडलेला, एक्झॉस्ट पाइपमध्ये बसणारा सेन्सर. नॅरोबँड (अरुंद पल्ल्याचा) १४.७ च्या आसपासच नेमकं सांगतो, म्हणून वाइडबँडच (रुंद पल्ल्याचा) घ्या. तो सायलेन्सरच्या आधी, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला बसवा, नाहीतर साचलेलं पाणी त्याला तडकवतं.

आणखी एक गफलत: सेन्सर पेट्रोल नव्हे, ऑक्सिजन मोजतो. मिसफायर झाला किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट (इंजिन आणि एक्झॉस्ट यांच्या जोडावरचं सील) गळत असेल, तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असूनही काटा लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. म्हणून जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) बदलण्याआधी गळती आणि प्लग तपासा.

खातरजमा सोपी आहे. एकसारख्या वेगात चोक (मिश्रण रिच करणारी कळ) किंचित ओढा. इंजिन सुधारलं तर मिश्रण आधी लीन होतं. अडखळलं तर पुरेसं रिच होतंच.