सर्पगंधेची मुळी आणि चवथीतला डोस

नैराश्यावरच्या गोळ्यांची कथा बहुतेक जण अमेरिकेपासून सुरू करतात. गोव्यात बसून ती जरा मागून सांगता येते. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. नागाशी झुंजणारा मुंगसासारखा प्राणी आधी एक मुळी चावतो, अशी हकिकत त्यात आहे. ती मुळी सर्पगंधेची, असं पुष्कळ अभ्यासक धरतात. मुंगसाची गोष्ट खरी किती ते सोडा; मुळी मात्र अस्सल निघाली. १९३१ मध्ये कोलकात्यात सेन आणि बोस यांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर चालते असं लिहिलं, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबाचे रुग्ण मांडले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं.

रिसर्पिन टोचलेला उंदीर एकदा पाहिला की विसरत नाही. पापण्या मिटलेल्या, पाठीला कुबड, ढोसलं तरी पाऊल उचलत नाही. १९५५ मध्ये ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की या औषधाने मेंदूतला सेरोटोनिनचा, म्हणजे चेतापेशींमधल्या एका रासायनिक निरोप्याचा, साठा रिकामा होतो. नॉरअॅड्रेनालिन आणि डोपामिन या निरोप्यांचीही तीच गत. म्हणजे उदासीवरच्या औषधांचं शास्त्र उभं राहिलं ते उलटा परिणाम करणाऱ्या औषधावर!

कारण त्याच सुमारास क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या इप्रोनियाझिडने ते टवटवीत झाले होते. हे औषध आधी देऊन मग रिसर्पिन दिलं, तर जनावर पेंगायच्या ऐवजी चळवळं होई. निरोप्यांना मोडून टाकणारं विकर त्याने अडवलेलं असे. इमिप्रामिन या नैराश्यावरच्या गोळीची तऱ्हा वेगळी. १९६४ मध्ये ग्लोविन्स्की आणि अॅक्सेलरॉड यांनी उंदराच्या मेंदूत किरणोत्सारी नॉरअॅड्रेनालिन सोडून पाहिलं. इमिप्रामिन दिलं की चेतापेशी ते परत आत ओढून घेईनात. १९७४ मध्ये फ्लुओक्सेटिन या दुसऱ्या गोळीवरचं काम आलं, तेही उंदराच्या मेंदूतल्या चेताटोकांवर, पण सेरोटोनिनबाबत.

१९७७ मध्ये पोर्सोल्ट यांनी अशी औषधं जोखायला पोहण्याची चाचणी आणली. पणजीत एम. फार्म. करताना आम्हीही ती केली. काचेच्या उंच भांड्यात कोमट पाणी, सहा मिनिटं, त्यातली शेवटची चार मोजायची. धडपड थांबवून उंदीर नुसता तरंगतो किती वेळ, त्याची बेरीज. औषध दिलेला कमी तरंगतो. त्याला ‘हताश’ म्हणणं मला तेव्हाही पटत नसे. शहाणपणाने दम राखतही असेल.

खरी अडचण दुसरीच. उंदराच्या मेंदूत औषध तासाभरात काम करतं, माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात. १९७५ मध्ये वेटुलानी आणि सल्सर यांनी उंदरांना काही आठवडे औषध दिलं, तेव्हा नॉरअॅड्रेनालिनच्या ग्राहकांचा, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप टिपणाऱ्या रेणूंचा, प्रतिसादच उतरलेला दिसला. सेरोटोनिनचंही तसंच: सुरुवातीला वाढलेलं सेरोटोनिन त्याच पेशींवरचा ब्रेक दाबतं, आणि तो ब्रेक सैल व्हायला दोनेक आठवडे जातात.

म्हणून डोस रोज द्यावा लागतो, खाडा चालत नाही. आमचे डोसचे एकवीस दिवस नेमके चवथीत, म्हणजे गणपतीत, आले. साखळी गावचा माझा जोडीदार घरची आरती अर्धी टाकून कदंबच्या बसने पणजीला यायचा, उंदरांना नळीने डोस पाजायचा आणि दुपारच्या पानाला परत घरी.